निरोप नवा, वस्ती जुनी

१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर हजारो लोक जमले. मागणी एकच होती: स्तूपाच्या आवारात चाललेलं भूमिगत पार्किंगचं काम थांबवा. खोदकामामुळे स्तूपाला धोका पोहोचेल, ही भीती आधीच्या काही दिवसांत व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरून वस्त्यावस्त्यांत पोहोचली होती. खड्ड्याचे फोटो आणि व्हिडिओ फिरत होते. त्या दिवशी जमावातल्या काहींनी बांधकामाच्या साहित्याची मोडतोड केली, जाळपोळही झाली. मुंबईत तेव्हा विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी विधानसभेत कामाला स्थगिती जाहीर केली.

हे सगळं मोबाईलनं घडवलं, असं त्यानंतर पुष्कळांनी म्हटलं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. दीक्षाभूमीच्या नावानं हाक दिली की लोक जमतात, याला आता सत्तर वर्षं होत आली. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धम्मदीक्षेसाठी लाखो माणसं याच मैदानावर आली होती. वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोहळा उभा केला तेव्हा घरी फोन असणारी माणसं विरळा होती. निरोप गेला तो पत्रकांतून, सभांतून आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या तोंडून. आज उत्तर नागपुरात, इंदोऱ्यात फिरताना जागोजागी विहार दिसतो. विहाराचं मंडळ असतं, मंडळाचा ग्रुप असतो आणि ग्रुपवरची माणसं एकमेकांना नावानं ओळखतात. २०२४ चा निरोप पळाला तो याच वाटेनं.

समाजमाध्यमांनी आपलं बोलणं, शिकणं आणि रस्त्यावर उतरणं कसं बदललं, याची चर्चा बहुतेक वेळा ॲपपासून सुरू होते आणि ॲपपाशीच संपते. नागपूरसारख्या शहरातली गेल्या वीसेक वर्षांतली प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली, तर वेगळं चित्र दिसतं. ॲप बदलत गेली. ती ज्या जाळ्यावर चालली ते मात्र वस्तीचं, जातीचं, मोहल्ल्याचं, शाळेचं जुनंच जाळं होतं. जिथे ते जाळं शहाणं आणि जबाबदार होतं तिथे काम तडीस गेलं. जिथे ते नव्हतंच, किंवा आधीच उसवलेलं होतं, तिथे वेगानं नुकसान केलं.

याचा पहिला मोठा दाखला खैरलांजीचा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. व्हॉट्सॲप तेव्हा जन्मलंही नव्हतं. मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी सुरुवातीचे कितीतरी दिवस या हत्याकांडाला फारशी जागा दिली नाही. आनंद तेलतुंबडे यांच्या ‘खैरलांजी’ या पुस्तकात त्या मौनाची सविस्तर मांडणी आहे. ती पोकळी भरून काढली एसएमएस, ईमेल आणि ब्लॉग यांनी. सत्यशोधन अहवाल आणि फोटो ईमेलनं नागपूरहून पुण्या-मुंबईला आणि तिथून परदेशातल्या आंबेडकरी मंडळींपर्यंत गेले. नोव्हेंबरात नागपूर, अमरावती, यवतमाळ पेटून उठलं आणि मग कुठे राष्ट्रीय माध्यमांचे कॅमेरे भंडाऱ्याकडे वळले. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाचा निकाल आला, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. ‘हॅशटॅग’ हा शब्द मराठीत यायच्या आधीच विदर्भानं समाजमाध्यमांचं आंदोलन करून दाखवलं होतं, आणि ते ज्यांच्याकडे दुसरं कुठलंच माध्यम नव्हतं त्यांनी केलं होतं. या इतिहासाची नोंद मराठी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात ठळकपणे व्हायला हवी.

रोजच्या बोलण्याकडे वळलं तर दृश्य कितीतरी शांत आहे. नागपूरच्या कुठल्याही लेआउटचा ग्रुप उघडावा. सकाळी सुविचार आणि फुलांचे फोटो, मग ‘नळ आले का?’, दुपारी ‘लाईन गेली का तुमच्याकडेही?’, संध्याकाळी हरवलेल्या मांजरीचा फोटो आणि रात्री कुणाच्या तरी तेरवीचा निरोप. बोलतात तसंच लोक लिहितात: ‘काहून’, ‘येऊन राह्यलो’, ‘होऊन राह्यलं’. शाळेत जी बोली वहीवर उतरली की लाल शाईनं खोडली जायची, ती आता रोज हजारो हातांनी लिहिली जाते. वऱ्हाडी-नागपुरीतल्या रीलना पुण्या-मुंबईतही प्रेक्षक आहे. प्रमाणभाषेच्या काळजीनं ज्यांना हे खटकतं त्यांनी जरा थांबून पाहावं. मराठी लिहिणाऱ्यांची संख्या अशी वाढणं ही आनंदाची गोष्ट आहे.

हेच ग्रुप अडचणीत किती उपयोगी पडतात ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दिसलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच घरात पाणी शिरलं. कुठल्या गल्लीत किती पाणी आहे, कुणाच्या घरी आजारी माणूस अडकलंय, बोट कुठपर्यंत येऊ शकते, याची खबर ग्रुपवरून फिरत होती. पाणी ओसरल्यावर खरं काम सुरू झालं. चिखलानं भरलेली घरं, वाहून गेलेल्या भिंती, पाण्याखालच्या गाड्या यांचे फोटो ग्रुपवर साठत गेले. नुकसानभरपाई, तलावाची सुरक्षितता आणि प्रवाहातले अडथळे यांबाबत रहिवाशांनी नागपूर खंडपीठात याचिका दाखल केली. तलावाच्या सांडव्याजवळच्या विवेकानंद पुतळ्याचा प्रश्न त्यातूनच न्यायालयापुढे आला. फॉरवर्ड करून मोकळं होण्याऐवजी कागद जमवणं, सह्या घेणं, वकील गाठणं हे कष्ट शेजाऱ्यांनी घेतले, म्हणून त्या रात्रीचे फोटो कामी आले.

सरकारी यंत्रणेचं बोलणंही बदललं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा नागपूर पोलिसांच्या ट्विटर खात्यानं त्याला उद्देशून लिहिलं की बाबा, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान करणार नाही. नव्या वाहतूक दंडांची धास्ती देशभर होती, त्या आठवड्यात हा विनोद सगळीकडे गेला. आणि प्रसिद्धीचं गणित तर पार पालटलं. सदर भागातल्या टपरीवर आपल्या खास लकबीनं चहा देणारा डॉली चायवाला रीलमधून प्रसिद्ध झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स त्याच्याकडून चहा घेताना जगानं पाहिलं. तो व्हिडिओ हैदराबादला चित्रित झाला होता. ज्याला ना कुणी पाठीराखा, ना इंग्रजी येतं, असा टपरीवाला स्वतःच्या कलेवर एवढा पल्ला गाठतो, हे या माध्यमाचं खरं देणं आहे.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र इतकं मोकळेपणानं कौतुक करता येत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपच्या उतरंडीनं अधिकाऱ्यांकडून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांकडे जायचा. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळेत जाणाऱ्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. फोन घरी आला, पण तो बापाच्या खिशात कामावर जायचा. गावात रेंज नसली तर मुलं टेकाडावर जाऊन बसायची. ज्या शिक्षकांनी पालकांना फोन करून, गल्लीत ओट्यावर चार-चार मुलं बसवून अभ्यास घेतला, त्यांची मुलं टिकली. नुसती पीडीएफ आली तिथे ती फोनमध्येच राहिली.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीतला आकडा जास्त बोलका आहे. १४ ते १६ वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं ५७ टक्क्यांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं ७६ टक्क्यांनी. यावरून मुलांना दोष देणं सोपं आहे. पण गावात ग्रंथालय नाही, मैदानावर बांधकाम झालंय, संध्याकाळी मुलींना बाहेर सोडत नाहीत, तिथे मुलांनी जायचं कुठे? यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. दोन्हींत दुसरा मार्ग अधिक पटण्यासारखा आहे, कारण त्यात मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत हे माध्यम वेगळ्या रूपात भेटतं. गडचिरोली-चंद्रपूरहून नागपुरात आलेली मुलं अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्यानं टेबल घेतात. त्यांच्यासाठी टेलिग्राम म्हणजे वर्तमानपत्र, नोट्सचं दुकान आणि धीर देणारे मित्र असं सगळं एकत्र. महागडा क्लास परवडत नाही त्याला यूट्यूबवर इतिहास आणि राज्यघटना फुकट शिकता येते. हा लाभ फार मोठा आहे. त्याची काळी बाजूही याच विद्यार्थ्यांनी सोसली. १८ जून २०२४ ला यूजीसी-नेटची परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. कारण होतं टेलिग्रामवर फिरणारा प्रश्नपत्रिकेचा स्क्रीनशॉट. तो बनावट होता, हे सीबीआयच्या तपासात नंतर निघालं. नऊ लाखांहून अधिक परीक्षार्थींची तयारी, प्रवास आणि खर्च एका खोट्या चित्रापायी वाया गेला.

आणि ३१ जानेवारी २०२२. दहावी-बारावीच्या परीक्षा ऑनलाइन घ्याव्यात म्हणून ‘हिंदुस्थानी भाऊ’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विकास फाटकनं इन्स्टाग्रामवरून विद्यार्थ्यांना साद घातली. मुंबईत धारावीत तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ शेकडो मुलं जमली. नागपुरातही मुलं रस्त्यावर आली आणि एका बसची तोडफोड झाली. मुलांची अस्वस्थता खरी होती. दोन वर्षं हाताला लेखनाचा सराव नव्हता. पण त्यांच्यापाशी ना संघटना होती ना निवेदन, मंत्र्यांपुढे बसून बोलणारा एखादा प्रतिनिधीही नव्हता. हाक देणारा मुंबईत, त्याला दुसऱ्या दिवशी अटक झाली. बस फोडल्याचे गुन्हे मुलांच्या वाट्याला आले. परीक्षा मार्चमध्ये वर्गात बसवूनच झाल्या. दीक्षाभूमीची हाक आणि ही हाक, दोन्ही मोबाईलवरूनच गेल्या. त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांत जो फरक होता, तो निकालातही उतरला.

झाडांच्या बाबतीत नागपूरकरांनी चिकाटी दाखवली. शहराच्या पश्चिमेला भरतवनातून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा ‘भरतवन वाचवा’ची हाक आधी फोनवरच ऐकू आली. २०२१ मध्ये अजनीची पाळी आली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला अजनीच्या रेल्वे वसाहतीत बस, रेल्वे आणि मेट्रो यांना जोडणारं भव्य स्थानक उभारायचं होतं. तिथल्या इंग्रजकालीन वसाहतीत दाट झाडी आहे. महापालिकेनं पहिल्या टप्प्यात ४,९३० झाडं तोडण्याबाबत हरकती मागवल्या, आणि ‘अजनीवन’ हे नाव घराघरांत पोचलं. तरुण मुलामुलींनी रविवारी तिथे जमून झाडांची मोजदाद केली, पक्ष्यांचे फोटो टाकले, हरकतीचा नमुना ग्रुपवर पाठवून ‘एवढं भरा आणि मेल करा’ म्हणून मागे लागले. हरकती हजारोंनी गेल्या. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, वृक्षतोडीला न्यायालयानं अटकाव केला आणि पुढे तो प्रकल्प त्या स्वरूपात झाला नाही. मुंबईत आरेची झाडं ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत गेली होती. तो धडा अजनीच्या मुलांच्या डोळ्यांपुढे होता.

वाघांबाबतची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा भागात दोन वर्षांत १३ माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेल्या ‘अवनी’ वाघिणीला वाचवण्यासाठी २०१८ मध्ये देशभर मोहीम चालली. सर्वोच्च न्यायालयानं वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण मारली गेली, तेव्हा शहरांत मेणबत्त्या पेटल्या आणि त्या गावांत फटाके फुटले. वाघिणीला कसं मारलं यावरचे आक्षेप गंभीर होते आणि ते मांडणं रास्तच होतं. पण कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जायला घाबरणाऱ्या बाया त्या सगळ्या चर्चेत जवळजवळ कुठेच नव्हत्या. ट्विटरवर ज्याचं खातं नाही त्याचं दुःख देशापर्यंत पोहोचत नाही, हे तेव्हा विदर्भानं जवळून पाहिलं.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे वाटेवर आले. पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी वाट रोखली. मधे बावचळलेले बछडे आणि गाड्यांतून पुढे आलेले मोबाईल. त्यातलाच एक व्हिडिओ व्हायरल झाला. लोक संतापले, वन विभागानं चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई केली, नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. फोटोच्या हव्यासातून जे घडलं त्याचा पुरावाही फोटोनंच दिला. तरीही शिक्षेचा भार बहुतेक जंगलकाठच्या गावांतल्या तरुणांवरच पडला. गाडी पुढे घ्या म्हणणाऱ्या पाहुण्यांना कुणी जाब विचारला नाही. हा न्याय अपुरा आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त जिव्हारी लागलेला दिवस १७ मार्च २०२५ चा. औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा, या मागणीसाठी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलानं महाल भागात निदर्शनं केली, कबरीची प्रतिकृती जाळली. महिनाभर आधी आलेल्या ‘छावा’ चित्रपटानं वातावरण तापलेलंच होतं. प्रतिकृतीसोबत धार्मिक मजकूर असलेली चादर जाळली, अशी बातमी दुपारनंतर मोबाईलवरून पसरली. ती अफवा असल्याचं मुख्यमंत्र्यांनी नंतर विधानसभेत सांगितलं. पण ते खंडन येईपर्यंत महालात दगडफेक आणि जाळपोळ झाली होती, रात्री हंसापुरीत घरांसमोरच्या गाड्या पेटल्या होत्या. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले, एका जखमी नागरिकाचा पुढे मृत्यू झाला आणि अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. महाराष्ट्र सायबर विभागानं आक्षेपार्ह अशा १४० हून अधिक पोस्ट आणि व्हिडिओ शोधले, ते हटवण्यासाठी नोटिसा काढल्या.

महाल हा भोसल्यांचा जुना भाग. तिथे दोन्ही समाजांची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत, कारागीर एकमेकांच्या ऑर्डरवर जगतात. इतकी ओळख असताना एक खोटा निरोप खरा का ठरला? कारण व्हॉट्सॲपवर हा शेजार नाही. दुकानाबाहेर जे रोज बोलतात ते एकमेकांच्या ग्रुपवर नसतात. ग्रुप आपापल्या जातीचे, धर्माचे, पक्षाचे. त्यामुळे ‘अरे, मी तिथेच होतो, असं काही झालं नाही’ असं म्हणू शकणारा माणूस त्या खोलीत हजरच नसतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं, तेव्हाही परका माणूस आणि फिरता मजकूर एवढंच पुरलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. ही बंधनं उपयोगी आहेत, पण एकाच मोहल्ल्यातल्या पन्नास ग्रुपांवर पन्नास जणांनी टाकलेला मजकूर त्यांनी अडत नाही.

मग जबाबदारी कुणाची, हा प्रश्नही नागपुरातच न्यायालयापुढे आला होता. मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठानं म्हटलं की ग्रुपच्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. जुलै २०२३ मध्ये याच खंडपीठानं दुसऱ्या प्रकरणात बजावलं की व्हॉट्सॲपचं स्टेटस ठेवणं हाही आपल्या ओळखीच्यांना काही सांगण्याचाच प्रकार आहे, ते जबाबदारीनं ठेवा. दोन्ही निर्णय योग्यच आहेत: लिहिणारा उत्तरदायी, ग्रुप चालवणारा आपोआप नाही.

मात्र २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो. महालात त्या दुपारी ही सोय किती जणांनी वापरली असती तर फरक पडला असता, हे पोलिसांनी आणि शांतता समित्यांनी मनावर घेण्याजोगं आहे. गणपती, ईद, रामनवमीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे तेच ज्येष्ठ नागरिक, तेच माजी नगरसेवक, तोच चहा. प्रभागातल्या मोठ्या ग्रुपांचे ॲडमिन, त्यातल्या विशीतल्या मुली आणि मुलं, दोन्ही समाजांचे दुकानदार या बैठकीत बसायला हवेत. एकमेकांचे नंबर त्यांच्याकडे हवेत आणि दुपारी चारला आलेल्या मजकुरावर सव्वाचारला फोन करून विचारण्याइतकी त्यांची ओळख हवी. अजनीत हरकतीचा नमुना झपाट्यानं शहरभर गेला होता. खंडनही तितक्याच वेगानं, त्याच ग्रुपांवर, तिथल्याच माणसाच्या आवाजात जाऊ शकतं, त्याची तयारी पुढच्या सणाच्या आत महालात आणि हंसापुरीत सुरू व्हायला हवी.